इंजिनियरिंगची जागा मिळाली, पण शिक्षणाचे काय?

पाथरी तालुक्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. १९६५ मध्ये पैठणला धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये धरण उभे राहिले आणि पुढे पाटाच्या पाण्याने या भागातील शिवारांचे रूप पालटले. १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या रोजगाराच्या कामांवर आमच्या वस्त्यांतील आयाबायांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. हजेरीपटावर अंगठा आमचा होता. मात्र दुर्बिणीतून पातळी पाहणारा, नकाशा हातात धरून इथे खोदा, तिथे भर घाला असे सांगणारा आणि मोजमापाच्या वहीत सही करणारा माणूस आमच्यातला क्वचितच असे. पाटी वाहणाऱ्याच्या नातवाने त्या दुर्बिणीमागे उभे राहावे, ही आमच्या घराघरांतील इच्छा आहे. ती योग्यच आहे.

आज ही इच्छा पुरी होणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही, असे वरवर पाहता वाटते. बारावी सायन्स झालेल्या मुलाला इंजिनियरिंगला प्रवेश मिळतो. काही वेळा तर प्रवेशच त्याला शोधत घरी येतो. उन्हाळा सरता सरता मोटारसायकलवर माहितीपत्रके घेऊन माणसे वस्तीत फिरतात. “फी एक रुपयाही नाही, शिष्यवृत्ती आम्हीच काढून देऊ, फक्त कागदपत्रे द्या,” असे सांगतात. ज्या दारात आमच्या वडीलधाऱ्यांना उभे राहू दिले जात नव्हते, त्या दारातून आता आम्हाला हाका मारल्या जात आहेत. अशा वेळी हुरळून न जाता दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हाका का मारल्या जात आहेत? आणि आत गेल्यावर शिक्षण मिळते का?

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आम्हाला जमा आणि खर्च अशा दोन बाजू मांडल्याशिवाय काही उमगत नाही. म्हणून या प्रश्नाच्याही दोन्ही बाजू येथे मांडत आहोत.

दार कसे उघडले?

महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिक्षण जुने आहे. पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज १८५४ मध्ये सुरू झालेल्या वर्गातून वाढले. मुंबईची व्ही. जे. टी. आय. १८८७ची. स्वातंत्र्याच्या वर्षी सांगलीला वालचंद कॉलेज निघाले. १९६० मध्ये कराड, औरंगाबाद आणि नागपूर येथे महाविद्यालये झाली, १९६४ मध्ये अमरावतीला झाले. म्हणजे एवढ्या मोठ्या राज्यात पदवीची महाविद्यालये बोटांवर मोजण्याइतकीच होती. मराठवाड्याचा भार दोन दशके मुख्यतः औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शासकीय महाविद्यालयावर होता. नांदेडला विष्णुपुरी येथे श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये आले, तेव्हा परभणीकडच्या मुलांना जरा जवळचे ठिकाण मिळाले.

जागा थोड्या आणि मागणी फार, अशी अवस्था असल्यामुळे पैसेवाल्यांची मुले देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात. हा पैसा बाहेर का जाऊ द्यायचा, असा विचार पुढे आला. सरकारच्या तिजोरीत नवी महाविद्यालये काढण्याइतका पैसा नव्हता. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. सरकार पैसा देणार नाही, संस्थेने तो फीमधून उभा करायचा, असे हे धोरण होते. त्याच वर्षी पुण्यात, प्रवरानगरला, लातूरला, पुसदला महाविद्यालये उभी राहिली. पुढे त्यांची रांग लागली. साखर कारखान्याचा अध्यक्ष हाच कॉलेजचाही अध्यक्ष, असे चित्र गावोगाव दिसू लागले आणि मराठीत ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द रूढ झाला.

या धोरणाला निव्वळ शिव्या देणे बरोबर नाही. १९८३ नंतरच ग्रामीण भागात इंजिनियरिंगचे वर्ग आले आणि शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या मुलांना ही वाट दिसली. पण खर्चाची बाजूही तेवढीच ठळक आहे. शिक्षण बाजारात आले, आणि बाजाराचा नियम असा की ज्याच्या गाठीला पैसा त्याला माल. देणग्यांची ओरड इतकी वाढली की शासनाला १९८७ मध्ये देणगीबंदीचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी संसदेने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला, म्हणजे ए.आय.सी.टी.ई.ला, कायद्याचे अधिकार दिले. ही परिषद १९४५ पासून होती, पण तोवर ती सल्ला देण्यापुरतीच होती. म्हणजे महाविद्यालये आधी उगवली आणि त्यांना तपासणारा दात असलेला अधिकारी नंतर आला. विकसनशील देशांत बहुधा असेच होते. इमारत आधी आणि नकाशाची मंजुरी मागाहून!

आमच्या वाट्याला काय आले?

तंत्रशिक्षणाचे महत्त्व आमच्या समाजाला कोणा सरकारी जाहिरातीने सांगितलेले नाही. बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची मागणी होती आणि त्याच शिक्षणासाठी परदेशी जाण्याचीही सोय मागितली होती. केवळ वकील आणि कारकून घडवून समाज वर येत नाही, यंत्र आणि वीज ज्यांच्या हाती आहे त्यांच्या हाती उद्याचा देश आहे, हे त्यांनी ओळखले होते. दामोदर खोऱ्याची योजना, हिराकूडचे धरण, केंद्रीय जल आयोग आणि वीज मंडळाचा पाया ही कामे त्यांच्याच खात्यात आकाराला आली. मागासवर्गीयांसाठीची भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. आज पाथरीचा मुलगा ज्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतो, तिचे मूळ तिथे आहे.

मात्र १९५६ नंतर आमच्यापुढे वेगळीच भिंत उभी राहिली. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून नवबौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या, पण केंद्र सरकार बौद्धांना अनुसूचित जातीत धरीत नव्हते. आय.आय.टी.मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा १९७३ मध्ये आल्या. दाखल्यावर बौद्ध लिहिलेल्या मुलाचा त्यांवर कायद्याने हक्क नव्हता. १९९० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि ही अट गेली. म्हणजे १९७३ ते १९९० ही १७ वर्षे देशातील उत्तम तंत्रशिक्षणाच्या राखीव जागांपासून बौद्ध म्हणून उभा राहणारा विद्यार्थी दूर राहिला. एका पिढीचे हे नुकसान कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

नंतरची लढाई न्यायालयात झाली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत निम्म्या जागा कमी फीच्या आणि निम्म्या जादा फीच्या अशी योजना घालून दिली. त्या वेळी ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ हे शब्द घराघरांत पोहोचले. २००२ मध्ये ११ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती योजना बाजूला सारली. २००५ मध्ये इनामदार खटल्यात न्यायालयाने सांगितले की विनाअनुदानित महाविद्यालयांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. आमच्यासाठी ही धोक्याची घंटा होती, कारण तोवर बहुतेक जागा विनाअनुदानित महाविद्यालयांतच होत्या. त्यावर संसदेने घटनेत ९३वी दुरुस्ती करून कलम १५(५) आणले, ते जानेवारी २००६ पासून लागू झाले. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी कायदा केला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही घटनादुरुस्ती वैध ठरवली. तेव्हा आपल्या मुलाला खासगी महाविद्यालयात राखीव जागा मिळते, ती कोणा संस्थाचालकाची मेहेरबानी नाही. तो घटनेने दिलेला हक्क आहे, हे पोरांना जरूर सांगावे.

हाका का मारल्या जातात?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८३ला जागा नव्हत्या. नंतर त्या इतक्या वाढल्या की विद्यार्थी कमी पडू लागले. २००३ मध्येच यू. आर. राव समितीने ए.आय.सी.टी.ई.ला सावध केले होते की वाढ बेसुमार आणि असमतोल होत आहे. ती थांबली नाही. २०१४-१५ मध्ये देशात अभियांत्रिकीच्या पदविका, पदवी आणि पदव्युत्तर मिळून सुमारे ३१ लाख जागा होत्या. पुढे ओहोटी लागली आणि २०२१-२२ मध्ये त्या सुमारे २३ लाखांवर आल्या. बी. व्ही. आर. मोहन रेड्डी समितीने पाहिले तेव्हा जवळजवळ निम्म्या जागा रिकाम्या होत्या. समितीच्या शिफारशीवरून २०२०-२१ पासून नव्या महाविद्यालयांना बंदी झाली. २०२३-२४ मध्ये ती उठली. २०२४-२५ पासून एका शाखेत किती जागा असाव्यात याची मर्यादाही काढली. परिणाम असा की मोठ्या शहरांतील नामांकित महाविद्यालये कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवीत आहेत आणि लहान गावांतील महाविद्यालयांत सिव्हिल, मेकॅनिकलचे वर्ग ओस पडत आहेत.

ज्या महाविद्यालयाकडे पैसे भरणारे विद्यार्थी येत नाहीत, ते कोणाकडे पाहणार? ज्याची फी सरकार भरते त्याच्याकडे! आमचा मुलगा वर्गात बसला की संस्थेच्या खात्यात सरकारी पैसा येतो. म्हणून हाका. सगळीच महाविद्यालये अशी आहेत असे आमचे म्हणणे नाही. ग्रामीण भागात निष्ठेने शिकवणारे प्राध्यापक आम्हाला माहीत आहेत. पण आमची शिष्यवृत्ती हे काही संस्थांच्या जगण्याचे साधन झाले आहे, ही गोष्ट डोळ्याआड करून चालणार नाही. जो गिऱ्हाईक आहे त्याने माल पारखून घेतला पाहिजे. फुकट मिळते म्हणून पारखू नये, असे कोठे आहे? शिवाय ते फुकट नाहीच. त्यासाठी मुलाच्या आयुष्यातील चार वर्षे मोजावी लागतात.

आमच्या पाहण्यातला एक मुलगा आहे. बाप गवंडी. मुलगा असाच हाकेला ओ देऊन एका महाविद्यालयात मेकॅनिकलला गेला. त्या संस्थेचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. चार वर्षांत तिथे दोन विषयांचे प्राध्यापक कायम असे कधी मिळाले नाहीत, कार्यशाळेतील यंत्रे झाकून ठेवलेली असत. पदवी झाली. मुलगा पुण्याकडे गेला आणि एका कारखान्यात कंत्राटावर लागला. त्याच्या शेजारी त्याच पगारावर आय.टी.आय. झालेला मुलगा होता, आणि तो यंत्र याच्यापेक्षा चांगले चालवीत होता. बापाने गावात पेढे वाटले होते. आता लोक विचारतात तेव्हा तो विषय बदलतो. चूक मुलाची नाही आणि बापाचीही नाही. पारखायचे कसे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

शिक्षणाचा कस कसा ओळखावा?

इंजिनियरिंग हे हाताने आणि डोक्याने एकत्र शिकायचे शास्त्र आहे. एक साधे उदाहरण घ्या. सिव्हिलच्या मुलाला काँक्रीट शिकायचे असते. प्रयोगशाळेत १५ सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा ओतायचा, तो पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि ७व्या आणि २८व्या दिवशी दाबयंत्रात घालून तो किती भाराला फुटतो ते पाहायचे. पाणी जास्त झाले तर ठोकळा लवकर फुटतो, हे मुलाने डोळ्यांनी पाहिले की पुढे पुलाच्या कामावर ठेकेदार नळीने मनमानी पाणी सोडू लागला तर तो हात धरील. आता जिथे ठोकळा कधी ओतलाच जात नाही, वरच्या वर्गाच्या मुलाचे जर्नल आणून आकडे उतरवले जातात आणि सही मिळते, तिथून बाहेर पडलेला मुलगा काय करील? तो सही करील. आणि कोसळलेल्या स्लॅबखाली सापडतील ते पुन्हा आमचेच मजूर असतील. निकृष्ट इंजिनियरिंग शिक्षणाची किंमत नोकरी न लागणे एवढीच नसते, ती अशीही मोजावी लागते.

तेव्हा कॉलेज पाहायला जाताना बापाने मुलाबरोबर जावे. शिकलेला नसला तरी जावे. ज्याने आयुष्यभर विटा पारखल्या, त्याला बंद पडलेले यंत्र ओळखू येते. कार्यशाळेत लेथला तेल आहे की गंज, प्रयोगशाळेच्या टेबलावर धूळ आहे की वापराच्या खुणा, ग्रंथालयात मुले बसलेली आहेत की कुलूप आहे, हे पाहायला पदवी लागत नाही.

त्यानंतर प्राध्यापक मोजावेत. हिशेब सोपा आहे. ए.आय.सी.टी.ई.चे प्रमाण पूर्वी १५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे होते. २०१८ मध्ये ते २० मागे एक असे सैल केले. एका शाखेत वर्षाला ६० मुले, चार वर्षांची २४०. म्हणजे त्या एका शाखेमागे १२ शिक्षक हवेत. प्रत्येक महाविद्यालयाने शिक्षकांची नावे आणि शिक्षण आपल्या संकेतस्थळावर जाहीर करणे बंधनकारक आहे. नावे तिथे १२ असतील, पण वर्गात शिकवायला कितीजण येतात हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये विचारावे. ती मुले खरे सांगतात.

तिसरी खूण मानांकनाची. राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे एन.बी.ए., १९९४ पासून अभ्यासक्रम तपासते. हे मानांकन पूर्ण कॉलेजला नसते, एकेका शाखेला असते आणि ठरावीक मुदतीचे असते. म्हणून ‘आमचे कॉलेज मानांकित आहे’ या वाक्यावर न थांबता, कोणत्या शाखेला आणि कधीपर्यंत, हे विचारावे. जून २०१४ मध्ये भारत ‘वॉशिंग्टन करार’ या नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात पूर्ण सभासद झाला. या मंडळाने वरच्या श्रेणीत मानांकित केलेल्या अभ्यासक्रमाची पदवी अमेरिका, इंग्लंड, जपान अशा सभासद देशांत समकक्ष धरली जाते. परदेशी जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाने तरी हे आधी बघायला हवे.

चौथी खूण निकालाची. पहिल्या वर्षाला किती मुले बसली आणि चौथ्या वर्षात एकही विषय न राहता किती पोहोचली, हा आकडा मागावा. जाहिरातीत नोकरी लागलेल्या चार मुलांचे फोटो असतात. न लागलेल्यांचे फोटो कोणी छापत नाही.

पैसा आणि कागद

आता आमच्या रोजच्या कामाचा भाग. दर वर्षी मुलांचे फॉर्म भरताना ज्या अडचणी दिसतात, त्यांतील मुख्य येथे सांगतो.

अकरावी-बारावी सायन्सला असतानाच जात पडताळणीचा अर्ज करा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा पाहिला जातो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जुन्या महसुली नोंदी, जन्ममृत्यूची नोंद यांपैकी काहीतरी लागते. पाथरीचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने कागद पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत सापडतात. ते वाचून घेण्यात महिने जातात. म्हणून जूनमध्ये धावपळ करून भागत नाही.

प्रवेश नेहमी सी.ई.टी. देऊन, शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळत नाही. घरी आलेला माणूस “फेरीची काय गरज, आम्ही बघतो” म्हणू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. त्याहून जास्त असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्काची सवलत, म्हणजे फ्रीशिप, आहे. शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यात कॉलेजचीही फी असते. घरात अडचण असते, पैसा खर्चून जातो आणि मग कॉलेज तगादा लावते. तो पैसा आला की पासबुकावर पेन्सिलीने खूण करून ठेवा, आपला किती आणि कॉलेजचा किती.

वसतिगृहात नंबर लागला नाही तर निराश होऊ नका. २०१६-१७ मध्ये शासनाने भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. ठिकाणाप्रमाणे वर्षाला ६०,०००, ५१,००० आणि ४३,००० रुपये असे तिचे दर ठरले. इंजिनियरिंगच्या मुलांना साहित्यासाठी ५,००० रुपये वेगळे. गुणांची आणि हजेरीची अट आहे, आणि पैसे हप्त्याने, पुष्कळदा उशिरा येतात. म्हणून हिशेब आधीच मांडा. खोली आणि खानावळ मिळून महिन्याला सहा हजार धरले तरी दहा महिन्यांचे साठ हजार होतात आणि चार वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. फी माफ असली तरी पोट माफ नसते.

शेवटचे म्हणजे मूळ कागदपत्रे. फी बाकी आहे म्हणून कॉलेजला मूळ दाखले अडवून ठेवता येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये तसे स्पष्ट बजावले आहे, तंत्रशिक्षण परिषदेचाही नियम तोच आहे. कोणी अडवले तर तोंडी भांडू नये, लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. कागदाला कागदानेच उत्तर द्यावे लागते.

वाट एकच नाही

इंजिनियर होण्याची वाट बारावीतूनच जाते असे नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेता येते आणि तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. ज्या घरात लवकर कमाई हवी, त्या घराला ही वाट अधिक शहाणपणाची आहे, कारण मधेच थांबावे लागले तरी हाती पदविका असते. जिल्हा परिषदेत, बांधकाम खात्यात, रेल्वेत, वीज कंपनीत कनिष्ठ अभियंत्याच्या पुष्कळ जागांना पदविका चालते. आय.टी.आय. झालेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. कालव्याकाठच्या आमच्या मुलांना पाणी, पंप, ठिबक आणि शेतीची यंत्रे हा विषय परका वाटू नये, पण त्याची माहितीच फार थोड्या घरांत असते.

चांगल्या संस्था दूर नाहीत. नांदेडची विष्णुपुरीची संस्था आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय तर आहेच. नागसेनवनात बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ मध्ये सुरू झाले. रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाने तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्याचा कायदा १९८९ मध्ये झाला आणि आज मराठवाड्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. आमच्या मुलाच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव येते, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्या नावाला शोभेल असे शिक्षण आत मिळते की नाही, हे पाहणे ही त्याहून मोठी जबाबदारी आहे.

शासकीय संस्थेत नंबर लागावा म्हणून सी.ई.टी.त गुण लागतात आणि गुणांचे मूळ आठवी-नववीच्या गणितात असते. इंजिनियरिंगची पहिली परीक्षा कॉलेजात होत नाही, ती गावच्या शाळेत अपूर्णांक आणि समीकरणांपाशी होते. तिथे मूल अडले की पुढे कितीही हाका आल्या तरी पहिल्याच वर्षी चार विषय राहतात. आमच्या विहारांत संध्याकाळी दिवा असतो, जागा असते. आठवड्यातून तीन दिवस तिथे गणिताचा तास घेता आला तर मोठे काम होईल. वस्तीत शिकलेले पोर नाही असे आता एकही गाव नाही. कॉलेजला गेलेल्या पोराने सुटीत गावी आल्यावर धाकट्यांना दोन गणिते शिकवावीत, इतके मागणे फार नाही.

मुलींच्या बाबतीत एक शब्द. “मुलीला एवढे लांब कशाला, डी.एड. करील, बी.ए. करील,” असे अजून ऐकू येते. शिष्यवृत्ती, फ्रीशिप आणि स्वाधार मुलीलाही तितकीच मिळते. २०२४-२५ पासून शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर घटकांतील मुलींचीही व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली आहे. म्हणजे सर्व समाजांतील मुली आता या वाटेला येणार. आपली मुलगी गणितात पुढे असेल आणि तिला घरी बसवले, तर नुकसान तिचे एकटीचे होणार नाही.

आमचे सांगणे असे नाही की खासगी कॉलेज वाईट आणि सरकारी चांगले. असेही नाही की इंजिनियरिंगला जाऊच नये. जागा मिळवण्याची लढाई आमच्या वडिलांनी आणि नेत्यांनी लढली. ती बरीचशी जिंकलेली आहे, आणि पुढेही राखावी लागेल. आता दुसरी लढाई सुरू झाली आहे, ती शिक्षणाच्या कसाची. तिच्यात मोर्चा फार क्वचित लागतो. रिकाम्या प्रयोगशाळेबद्दल लेखी अर्ज, न आलेल्या प्राध्यापकाची तारखेवार नोंद, मागून घेतलेला निकालाचा आकडा, ही तिची हत्यारे आहेत. एका मुलाने अर्ज दिला तर त्याला दाबतील. वर्गातल्या पन्नास मुलांनी सह्या केल्या तर प्राचार्य बोलावून घेतील.

प्रवेशाचे दिवस जवळ आले की फॉर्म भरायला येणाऱ्या प्रत्येक पालकाला आम्ही एक छोटा कागद देतो. त्यावर चारच ओळी असतात: कार्यशाळा पाहिली का, शिक्षक मोजले का, मानांकन कोणत्या शाखेला आहे, निकाल किती. हा कागद आपापल्या गावी हाताने लिहून काढा आणि सहीपूर्वी चारही ओळींपुढे उत्तर लिहा. एक जरी ओळ कोरी राहिली, तर त्या दिवशी सही करू नका. प्रवेशाच्या पुढच्या फेरीला वेळ असतो.